विहिरीची खोल्यांकडची बाजू

गावातल्या पुरुषांबद्दल सोजराबाईंना फारसा आदर कधीच नव्हता. जमिनी कंपन्यांना विकून ते रिकामे बसायला लागले, तेव्हा उरलासुरलाही गेला. चाकणच्या कुठल्याशा कंपनीने विहीर दुरुस्त करून द्यायचं ठरवलं, तर सगळे कडेला खुर्च्या टाकून बसले. गाळ काढायला मजूर बाहेरचे. गाळ उपसणाऱ्या यारीच्या डब्यातून वर यायचे कुजके नारळ, देवांच्या फुटक्या तसबिरी, गुटख्याच्या पुड्या. एकदा हेल्मेटही आलं.

कठडा नवा झाला, त्याला निळा रंग लागला. तपासणीत पाणी मात्र नापास.

"कंपन्यांचं केमिकल, वहिनी," दीर चिमाजी खुर्चीतूनच म्हणाले.

"केमिकलला संडासाचा वास येतो व्हय, भावजी?"

विहीर उपसली तेव्हा सोजराबाईंनी वाकून पाहिलं होतं. तीन बाजूंनी झरे निर्मळ. चौथ्या बाजूच्या दगडांतून काळं, बुळबुळीत पाझरत होतं. त्या बाजूला त्यांच्याच मुलाच्या, रोहिदासच्या, भाड्याच्या खोल्या आणि जागा वाचवायला विहिरीला खेटून खणलेला संडासाचा खड्डा.

"खड्डा हलवायचा म्हंजी खोल्या रिकाम्या करायच्या," रोहिदास घरी म्हणाला. "आये, आपल्याला जारचं पाणी येतंय ना? मग तुला काय त्रास?"

भाडेकरीण विजयश्री पाणी विहिरीवरच भरायची. तिची पोर काविळीने अंथरुणाला खिळली होती. मालक म्हणून रोहिदासने काय केलं, तर काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ता दिला. हा आपल्या पोटी कसा आला, याचं सोजराबाईंना नवल वाटलं.

पाणी नापास झालं म्हणून जलपूजन थोडंच थांबणार? फेट्यांची ऑर्डर गेली होती. त्या दिवशी फोटोसाठी सगळे रांगेत उभे राहिले. सोजराबाईंनी पोहरा सोडून तांब्या भरून आणला आणि रोहिदाससमोर धरला.

"पी."

"आये, आत्ता?"

"मग कवा? फोटू चांगला येईल."

त्याने तांब्या तोंडाशी नेला. वास नाकात गेला तसा हात खाली आला.

"पी की! तुझ्याच खड्ड्यातलं हाय. विजयश्रीची पोर पीत हुती, तुला काय झालं?"

कंपनीचे साहेब बुटांकडे बघू लागले. चिमाजी उगीचच फेटा सारखा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. जुना खड्डा उपसून बुजवला, पक्की टाकी पार ओढ्यापलीकडे गेली. भाडेकरूंना रोहिदासने तोवर आपल्या बंगल्यातला संडास उघडून दिला. द्यावाच लागला. सोजराबाई किल्ली घेऊन दारात बसल्या होत्या. विहीर पुन्हा उपसली, औषध टाकलं, आणि उन्हाळ्याआधी पाणी पास झालं. विजयश्रीची पोर तोवर अंगणात पळायला लागली होती.

मग विहिरीवर फलक लागला. त्यावर रोहिदासचा फेटेवाला फोटो, खाली 'जलमित्र'.

सोजराबाईंनी तो लांबूनच पाहिला. त्या दिवशी त्यांनी विहिरीच्या पाण्याने घरातली सगळ्यात जाड गोधडी धुतली आणि वाळत घालायला त्यांना तेवढा एक फलकच सापडला.