पारीवरची जागा

नवा कायदा आमच्या गावात बंडीत बसून आला. बंडीत एक साहेब, एक चपराशी, घडीचं टेबल आणि साहेबाच्या पाठीला लागू नये म्हणून मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या मालकाच्या, घरून पाठवलेली गादी. देश स्वतंत्र व्हायच्या जरा आधीची ही गोष्ट. गावोगावी ग्रामपंचायत होणार, पंच लोकांनीच निवडायचे, मत सगळ्या मोठ्या माणसांना, बायांनासुद्धा, अशी दवंडी कोतवालाने आदल्या आठवड्यात दिली होती. बायांचं नाव घेताना तो स्वतःच हसला, म्हणून त्या भागाची दवंडी अर्ध्या गावाला ऐकूच आली नाही.

मी तेव्हा माहेरी परतलेली होते. नवऱ्याने दुसरी आणली, मी निघून आले. ती आणली तेव्हा कुठलाही कायदा माझ्या मदतीला धावला नव्हता, त्यामुळे त्या शब्दावर माझा काही लोभ नव्हता. घरात मी आणि माय. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ नव्हता. तलावाखाली आमची एक बांधी होती, धानाचं बांध घातलेलं शेत. तेवढीच.

आता तलावाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडची तळी बापजाद्यांनी हाताने बांधलेली. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. पारीच्या एका टोकाशी तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि दुसऱ्या टोकाला सांडवा. आश्विनात पाऊस तोंड फिरवतो आणि नेमका तेव्हाच धान गर्भात असतो. त्या वेळी पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर लोंबी उभीच्या उभी पोचट. म्हणून तेव्हा पारीवर बैठक बसायची आणि पाण्याची बारी ठरायची. ज्याची बांधी तुडमाच्या जवळ, तो तुडमाजवळ बसायचा, ज्याची लांब, तो सांडव्याकडे. पाणी वाटणारा म्हातारा पाणकर तुडमापासून चालत निघायचा आणि बसलेल्या माणसांकडे बघत बारी सांगत जायचा. लिहिणं नाही, वाचणं नाही. माणूस जागेवर बसलेला दिसला की त्याच्या बांधीला पाणी.

बाई पारीवर बसत नसे. बसू नये असं कोणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, पण बसत नसे, एवढं खरं. बाबा गेल्यावर आमच्या जागेवर काका बसू लागले. बाबांचे चुलतभाऊ. त्यांची बांधी आमच्या बांधीला लागून वर, म्हणून जागाही लागून. ते मांडी ऐसपैस घालून दोन्ही जागा भरून टाकायचे, दोन्ही बाऱ्या घ्यायचे आणि दोन्ही बाऱ्यांचं पाणी आपल्या बांधीत जिरवायचे. उरलंसुरलं धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, पाझरेल ते आमचं. माय काही बोलली की म्हणायचे, "वयनी, मी बसतो म्हनून तं घराची जागा राह्यली." ऐकून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. माय मात्र गप्प राहायची, आणि मला त्या गप्पपणाचाही राग यायचा. त्या वर्षी आमचा धान चांगला उभा होता. पाणी मिळालं असतं तर वर्षभर कोणाच्या रोवणीला, कापणीला जावं लागलं नसतं. नाही मिळालं तर मायला पुन्हा काकांच्याच बांधीत विळा घेऊन जायचं होतं.

अजून एक रीत होती. कोणी बांधी विकत घेतली तर नवा माणूस एकदा सगळ्या गावासमोर पारीवर त्या जागी जाऊन उभा राहायचा. कोणी हटवलं नाही की जागा त्याची, पिढ्यान्‌पिढ्या.

तर साहेब आला. गावात शाळेची इमारत नव्हती, म्हणून टेबल पारीखालच्या आंब्याला टेकवलं. आमच्या बाजूची पंचाची एक जागा आणि उमेदवार दोन. एक मालगुजाराचा भाचा. दुसरा खालच्या बांध्यांतला एक शेतकरी, ज्याने मालकासमोर मान जरा कमी वाकवायला सुरुवात केली होती. मालक स्वतः खाटेवर बसले होते, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा बेताने.

मी घरीच थांबणार होते. माय सकाळीच आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसली तेव्हा मी विचारलं, "कायले जाऊन राहिली? मत देऊन काय भेटनार हाये?"

"चाल तं," एवढंच ती म्हणाली.

साहेब हिंदीत बोलायचा, गोंदियाकडचा होता. त्याने भाच्याचं नाव घेतलं आणि ज्यांना तो पसंत त्यांनी हात वर करा म्हणाला. सगळ्या गावाने हात वर केले. साहेब खूश झाला. मग रीत म्हणून दुसऱ्याचं नाव घेतलं. पुन्हा सगळ्या गावाने हात वर केले. गावातला माणूस समोर उभा आहे, आपल्याकडे बघतो आहे, आणि आपण हात मांडीवर ठेवून बसायचं? एवढा उर्मटपणा आमच्याकडे कोणी करत नसे. साहेबाने समजावलं की एकालाच द्यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. त्याने पुन्हा नावं घेतली आणि पुन्हा दोन्ही वेळा सगळे हात वर. भाच्याने दुसऱ्यासाठी हात वर केला, दुसऱ्याने भाच्यासाठी. मला इतकं हसू लोटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

साहेब घामाघूम झाला. शेवटी त्याला पार दिसली, लांब आणि सरळ. म्हणाला, "सब ऊपर चढ़ो. दोनों अलग-अलग खड़े रहो, और जिसको जो पसंद, उसकी तरफ जाओ."

भाचा तुडमाकडे जाऊन उभा राहिला, कारण मालकाची बांधी पहिली. दुसरा सांडव्याकडे गेला, कारण त्याची शेवटची. आणि मग सगळा गाव पारीवर चढला आणि जो तो आपापल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्या पारीवर आपली जागा सोडून दुसरीकडे उभं राहायचं असतं हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाया आपापल्या नवऱ्यामागे. मी खालीच, आंब्यापाशी. तुडमाजवळच्या बांध्या मोठ्या आणि घरं थोडी, सांडव्याकडच्या बांध्या पायपुसण्याएवढ्या आणि घरं मायंदाळ. हे सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं, पण कोणी कधी डोकी मोजली नव्हती.

चपराशाने पारीच्या मधोमध रेघ ओढली आणि काठीने एकेक डोकं दाखवत मोजायला सुरुवात केली. तेव्हाच आमच्या जागेपाशी आवाज वाढले. माय चढून वर गेली होती आणि काकांच्या पुढ्यात उभी होती. काका नेहमीसारखे एक पाय आपल्या जागेवर आणि एक आमच्या जागेवर टाकून.

"सरका, भाऊजी," माय म्हणाली.

"वयनी, बायामानसाचं काम नाही इथं. तिकडं बायांत जाय."

"बाया नवऱ्याच्या मांगं हायेत. माह्या पुढं कोन हाये?"

काका चपराशाला ओरडून म्हणाले, या बाईला खाली उतरवा. चपराशाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाचं जेवण मालकाच्या घरी निवत होतं. तो वैतागून म्हणाला, "अरे भाई, औरत का भी वोट है. जहाँ खड़ी है, वहीं रहने दो. पैर हटाओ तुम." काकांनी मालकाकडे पाहिलं. मालकांचं लक्ष मोजणीवर होतं आणि त्यांचा चेहरा आंबत चालला होता. काकांनी पाय काढून घेतला. माय तिथे उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, पदर सावरून. काठी तिच्यावरून पुढे गेली.

भाचा पडला. कोणी कोणाला मत दिलं हे गावाला निकाल ऐकल्यावर कळलं. काका मालकाला चार दिवस सांगत होते की खालच्या लोकांची मतं मी आणतो, आणि स्वतःच सांडव्याच्या बाजूला मोजले गेले होते. मालक त्यांच्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. गाव नंतर कितीतरी वर्षं म्हणायचा की आम्ही मालकाला धडा शिकवला. शिकवला असेल. मी तिथे होते, मला जे दिसलं ते मी सांगते.

पंचायत सुरू व्हायची होती, तिचा शिक्का यायचा होता. पावसाने मात्र तोवर वाट न बघता तोंड फिरवलं. बांध्यांना भेगा पडू लागल्या आणि पाण्याची बैठक बसली. त्या दिवशीही मायने तेच लुगडं नेसलं आणि काकांच्या आधी जाऊन जागेवर बसली. मी पारीखाली उभी. साहेब तर गेला होता, आणि कायद्यात मताचं होतं, पाण्याबद्दल काही नव्हतं.

काका आले, थबकले. मग पाणकराला म्हणाले, "वयनीले घरी जाले सांग."

पाणकर म्हातारा मालकाच्या शब्दाबाहेरचा माणूस नव्हता. धीट तर मुळीच नव्हता. तो मायकडे बघत राहिला, मग तुडमाकडे बसलेल्या मालकाच्या दिवाणजीकडे, मग खाली.

"ते इथं उभी राह्यली होती," तो शेवटी म्हणाला. "साऱ्या गावापुढं, मालकापुढं. कोनी हटवलं नाही. आता मी कसा हटवू?"

दिवाणजी तलावाकडे बघू लागला. खालच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "बरोबर हाये." मग पाणकराने काकांची बारी सांगितली, आणि पुढचं पाऊल टाकून मायची.

आमची बारी दुपारची आली. मायने फावड्याने धुऱ्याला तोंड पाडलं आणि पाणी आत शिरलं, गढूळ, गवताच्या काड्या घेऊन. भेगा बुजताना बुडबुडे येत होते. बाबा गेल्यापासून आमच्या बांधीत असं पाणी मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेजारच्या बांधीत काका पाठ करून उभे होते. मला त्यांची मुळीच दया आली नाही, आजही येत नाही.

धुऱ्यावर बसून आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. मला कौतुक दाटून आलं होतं. म्हटलं, "माय, तू पहिलं मत देल्लं अन् मालकाच्या विरोधात देल्लं."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी काही मी अजून लहानच आहे.

"मत कोनाले गेलं, मले काय मालूम," ती म्हणाली. "सारा गाव पारीवर चढनार अन् मालक समोर राहीन, असं कोतवाल बोलला नव्हता. पन साहेबानं चढा म्हनून सांगतलं, तवा मले सुचलं. तुह्या बाबाच्या जागेवर उभं राहाले मले दुसरा दिवस कोन देनार होता?"

मग उठून ती पाणी कुठवर पोचलं ते बघायला गेली.