भाभींनी न सांडलेलं पाणी

समोरच्या जैतूनभाभींच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी गॅलरीत ब्रश धूत बसले होते. "काकू, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात तसाच राहिला. त्याला महिना उलटून गेला, तरी शनिवारी दुपारी माझे कान जिन्याकडे लागतात. जैतूनभाभी मला क्लासला न्यायला यायच्या, त्या प्रत्येक पायरीला स्वतःच्या गुडघ्यांशी भांडत.

आम्ही दोघी साठी ओलांडल्यावर तैलरंग शिकायला लागलो. टूम त्यांचीच. इतकी वर्षं समोरासमोर राहून आम्ही भाजीच्या वाट्या तेवढ्या देत-घेत होतो, आणि एक दिवस त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, चल, चित्रं काढायला जाऊ. जुन्या चित्रांची नक्कल केल्याशिवाय हात बसत नाही, असं आमच्या सरांचं मत. त्यांनी एका विलायती चित्राचं छापील पान समोर लावलं. झऱ्यावर तीन बायका, पायघोळ वस्त्रं, एकीच्या खांद्यावर तिरकी घागर आणि तिच्यातून खडकावर सांडणारं पाणी. आधी मातकट रंगात उजेड-सावली मांडायची, ती वाळली की वर पातळ थर चढवायचे. भाभींना कुठला दम! या वयात रंग वाळायची वाट कुठवर बघू, म्हणत त्या ओल्यावरच रंग चढवायच्या आणि मधल्या बाईच्या दंडाचा चिखल व्हायचा. तिन्ही बायकांना त्यांनी आपल्या बहिणींची नाकं दिली. सर चिडले, की त्यांना शिरखुर्म्याचं आमंत्रण. मी या बाईला फार जीव लावला होता.

घोडं अडलं ते पाण्यापाशी. सगळं चित्र झालं, पण घागरीखालची जागा कोरीच. सर मागे लागले, तेव्हा भाभींनी ब्रश खाली ठेवला.

"आवं सर, खाली भांडं न्हाई, काय न्हाई. एवढं पाणी दगडावर कसं वतू मी?"

सर म्हणाले, चित्रातलंच तर पाणी आहे. भाभी हसल्या नाहीत. त्यांचं माहेर जतकडचं. टँकरच्या नळीखाली सांडलेलं पाणी वाटीनं भरून घेण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. मग खाली एक भांडं काढते, असं त्या म्हणाल्या, तर सरांनी तेही मानलं नाही. नक्कल म्हणजे नक्कल. दोघंही हट्टाला पेटले, चित्र राहिलं... आणि मग आजारपणच आलं.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा आवाज पार खोल गेला होता. माझा हात धरून म्हणाल्या, "सुमन, चित्र तू पुरं कर. पर पाणी वाया घालवू नगंस."

शबानानं चित्र आणून दिलं, तेव्हा मी तिच्याकडून भाभींची पितळी तपेलीही मागून घेतली. कडेला पोचा आलेली, त्यांची रोजची. ती समोर ठेवून मी घागरीखाली रंगवली, पोच्यासकट. सरांना विचारलं नाही. मग रंग वाळायची वाट बघितली, भाभींच्या वाटणीचीसुद्धा.

आज सकाळी घागरीतून पाणी ओतलं. थेंबभरही दगडावर पडू दिलं नाही.