रंगभरी एकादशीचा खवा

फोन बँकेत आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुमाताई सकाळचा चहा घेता घेता गेल्या हो..." मला भरून आलं, आणि त्याच वेळी मनात आलं की चहापत्तीत रंग मिसळलाय का, हे सुमाआत्यानं आधी तपासलेलं असणार!

आत्यानं मुलींच्या कॉलेजात चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. कशात काय मिसळलंय आणि किती, हा तिचा विषय. निवृत्तीनंतर दुर्गाघाटच्या आमच्या स्वयंपाकघरात मोहरी-जिऱ्याशेजारी आयोडीनची बाटली आली. हळद, दूध, काही म्हणून सुटत नसे. मदतनीस मी, रसायनाच्या प्रॅक्टिकलला दोनदा नापास झालेला. "दुसरं कोण मिळणार, बाळ्या?" असं म्हणून तिनं मला ठेवून घेतलं होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रंगभरी एकादशी, होळी चार दिवसांवर. गुजियांसाठी, म्हणजे इकडच्या खव्याच्या करंज्यांसाठी, सगळ्या गल्लीनं कोपऱ्यावरच्या रामधनीकडे खवा सांगून ठेवलेला. आत्यानं चिमूटभर खवा पाण्यात उकळून निववला, मी ढवळला, तिनं आयोडीनचा थेंब टाकला. पीठ मिसळलेलं असेल तर निळा रंग येतो. आला की! दौतीतल्या शाईसारखा. आत्या काही बोलायच्या आत मी गल्लीत. चार वाजेपर्यंत आठ घरांनी खवा नको म्हणून कळवलं.

रामधनी दारात आला. ओरडला नाही, हेच वाईट. "बुआजी, तीस बरस का नाम है हमारा. भइया ने एक दोपहर में डुबो दिया."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "ढवळलंस कशानं?"

"चमच्यानं."

"कुठल्या?"

एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाण्याच्या खिचडीची तिसरी बशी संपवून तोच चमचा मी खव्यात घातला होता. साबुदाणा म्हणजे तर निव्वळ स्टार्च, पिठात असतो तोच. आत्यानं तो चमचा साध्या पाण्यात फिरवला, थेंब टाकला. पाणीही निळं! मग धुतलेल्या चमच्यानं पुन्हा खवा तपासला, तो पिवळाच राहिला.

"रामधनी, खोवा पास. हम दोनों फेल," आत्या म्हणाली. मग मला, "चमचा तुझा, चूक माझी. आधी नुसतं पाणी तपासायचं असतं. जन्मभर पोरींना हेच सांगितलं, आणि आज मीच..."

पंचाहत्तरीला टेकलेली ही बाई त्याच संध्याकाळी बाटली घेऊन आठ घरांचे जिने चढली. प्रत्येक दारात तिनं प्रयोग करून दाखवायचा आणि मी उष्ट्या चमच्याची कबुली द्यायची. चौथ्या घरापासून लोक हसायला लागले, आठव्यात ठंडाई मिळाली. दुसऱ्या दिवशी रामधनीचा खवा असा उडाला की आमच्याच वाट्याला उरला नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या दुकानी गेलो, तर एक गिऱ्हाईक खव्यात भेसळ आहे म्हणून तावातावानं भांडत होतं. रामधनीनं तराजूमागून आयोडीनची बाटली काढली, पेला पुढे ठेवला. "पहले सादा पानी देखिए, बाबूजी. बुआजी का कायदा है."

"कौन बुआजी?"

रामधनीनं माझ्याकडे बोट केलं. "इनकी. और चम्मच भी इन्हीं का था."