मी दिलेली तकलीफ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, हे इथे कुवेतमध्ये आमच्या फिंतासच्या शेजाऱ्यांना विचारा! तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही सुमतीताईंना ओळखत नाही.

शेजारच्या इराकमध्ये परकी फौजा होत्या तेव्हाची गोष्ट. निवडणूक झालेली, बहुमत कोणालाच नाही, आणि आघाडीचं घोडं महिनोन्महिने अडलेलं. कुवेतमधल्या एका परदेशी वकिलातीतले साहेब लोक त्यावर डोळा ठेवून होते. त्यांच्यासाठी अरबी बातम्या ऐकायचं काम माझ्याकडे होतं. मला अरबी येत होतं का? छे! मूळचा रत्नागिरीचा मी — मदरशात अक्षरं शिकलो, इथे अर्दियाच्या गोदामात अरबीत घासाघीस शिकलो, आणि मुलाखतीत छाती पुढे काढून सांगितलं, अरबी फर्डं येतं. निम्म्या बातम्या मी निवेदकाच्या चेहऱ्यावरून ताडायचो. गंमत म्हणजे बऱ्याचदा बरोबर निघायच्या.

सुमतीताई पुण्याच्या, त्याच वकिलातीत टायपिस्ट. मी मराठीत सांगायचो, त्या इंग्रजीत उतरवायच्या. चोख बाई. राजकीय विभागात एकच कायमची जागा निघणार होती आणि ती ताईंचीच, हे शिपायालाही ठाऊक होतं.

एका दुपारी निवेदक म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी एका नेत्याला 'तकलीफ' दिली. झालं! ओळखीचा शब्द भेटल्यावर मी कशाला थांबतोय?

"लिहा ताई, तकलीफ दिली म्हणे. बराच त्रास दिलेला दिसतोय."

ताईंनी 'छळ केला' असं इंग्रजीत टाइप केलं आणि साहेबांनी बोलणी फिसकटल्याचं मायदेशी कळवून टाकलं.

अरबीत तकलीफ म्हणजे जबाबदारी सोपवणं. त्या माणसाला सरकार बनवायला सांगितलं होतं — तिकडे मिठाई वाटत होते आणि आमचे साहेब सुतकात!

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं आलं. मला हसू येत होतं — खरंच — आणि नोकरी जाणार हेही दिसत होतं. मी काय केलं असेल?

मी म्हणालो, "सर, मी अरबी शब्द जसाच्या तसा सांगितला. मॅडमनी मराठी अर्थ घेतला."

ताईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "अगं बाई, माझंच चुकलं की!" त्रास हा शब्द मी उच्चारला होता, हे त्या विसरल्या. मी विसरलो नव्हतो.

त्यांची रवानगी व्हिसाच्या खिडकीवर झाली. कायमची जागा मला मिळाली. पुढे मी अरबी शिकलोही, रीतसर — पण ते त्या खुर्चीत बसून.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या एगैलाच्या घरी जेवायला होतो. ताईंनी तो किस्सा पुन्हा रंगवला, अगदी हातवारे करून. "रशीदभाईंनी बिचाऱ्यांनी सरळ सांगितलं होतं हो, मीच बावळट!"

"मम्मा, सो सिली!" त्यांची मुलगी म्हणाली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

चूक माझी होती. खोटं मी बोललो. त्यांची जागा मी घेतली. हे सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? माणसं हसत होती, ताईही खुशीत होत्या.

त्यांनी विचारलं, "भाई, आणखी साखरभात?"

मी ताट पुढे केलं.