पंखा बंद करून केलेली फुलं

मोगऱ्याचा वास आला की मला आधी गोंदाचा वास आठवतो. सातव्या महिन्यात मोगरा नाकाशी आला तरी मला उलटी व्हायची, आणि डोहाळजेवणाला तर फुलांचेच दागिने घालायचे. लोक नखरे म्हणतील म्हणून मी गप्प होते. शेवटी भीतभीत सासूबाईंना सांगितलं. त्या पिशवी घेऊन नवी पेठेत गेल्या आणि स्वस्तातली कापडी फुलं घेऊन आल्या. आपल्या लग्नातल्या शेल्याच्या टिकल्या उसवून त्यांनी एकेका पाकळीवर गोंदाने चिकटवल्या, तेही त्या उडू नयेत म्हणून पंखा बंद करून, सोलापूरच्या भर उन्हाळ्यात. कार्यक्रमात चुलत सासूबाईंनी माझा बाजूबंद चिमटीत धरला. “खोटी फुलं व्हय गं?” माझी मान खाली गेली. ओटी भरता भरता सासूबाई म्हणाल्या, “माझी हौस हाय. खरी फुलं सांजंला सुकत्यात की.” माझ्या उलट्यांचा त्यांनी शब्दही काढला नाही. आता मला मोगरा सोसतो, आवडतोही. पण सणासुदीला अंबाड्यात मी त्या कापडी फुलांतलंच एक खोवते. “आगं, आता तरी खरी फुलं माळ की,” सासूबाई म्हणतात, आणि तेच फूल हाताने सरळ करतात.