क्रीककाठच्या निळ्या दूर्वा

क्लेटनकर मंडळी, आरती जरा थांबवा आणि हे आधी वाचा.

आज सकाळी शेजारच्या स्टुडंट हाउसमधली ईशा दूर्वांची जुडी घेऊन आली. युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष, त्यामुळे उत्साह दांडगा. "काका, त्या ओढ्याच्या, क्रीकच्या काठी ढीगभर आहेत! सगळ्यांना वाटल्या."

मी पाहिलं तर दांडा जाड आणि पात्यांवर लव. "बाई, मेलबर्नच्या थंडीत दूर्वा पिवळ्या पडतात. हे आफ्रिकेचं किकुयू गवत. तेही आपल्यासारखंच बाहेरून येऊन इथे स्थिरावलंय. बाप्पा भिडस्त आहे, बोलणार नाही."

"चालवून घ्या ना, काका!" ती हसली.

तेवढ्यात मला तिची बोटं दिसली. निळी होती.

"गवताचाच रंग असेल. इथलं सगळंच वेगळं," ती म्हणाली.

वेगळं खरंच. इथे तणनाशकात निळा रंग मिसळतात, फवारलेली जागा कळावी म्हणून. आधी तिला साबणाने हात धुवायला लावले, मग जुड्या कुणाकुणाला दिल्या ते विचारलं. चार घरांतल्या जुड्या कचऱ्यात गेल्या. पाचवी तिने बसस्टॉपवर एका अनोळखी मराठी आजींना दिली होती. हिरवी साडी, वर लेकाचं जॅकेट. त्या खूश होऊन म्हणाल्या, "बरं झालं गं! नातवाचा घोळणा फुटतोय. नाकात रस घालते."

दूर्वा नसल्या तर शास्त्राला अक्षता चालतात, बाप्पा रागावत नाही.

पण त्या आजी तुमच्यापैकी कुणाच्या आई, कुणाच्या सासूबाई? आत्ता घरी फोन लावाल?