जरा हे टोक धरा

धुळ्याला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नानांना कुणाचा रिकामा हात बघवतच नाही. श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी त्यांचं सगळं घर जमिनीवर फतकल मारून कामाला लागतं. सुना झालरी शिवतात, नाती क्रेपची फुलं करतात, आणि नाना दातांत टाचण्या धरून, ओठ न उघडता सगळ्यांना हुकूम सोडतात. कानबाई ही खानदेशातली देवी, म्हणजे नथ घालून, साडी नेसवून सजवलेला नारळ. पण तिच्या अंगावर बाजारातली तयार फुलं-झालर चढलेली त्यांना चालत नाही.

यंदा मी पाण्याची मोटर बंद करा, एवढंच सांगायला गेलो होतो.

"हाई टोक धरा जरा," म्हणत त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. दोरीनंतर कात्री आली, मग कागद. वर टाकी वाहत राहिली. माझं फूल जेमतेम कोबीसारखं दिसत होतं. नानांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "प्रसादना रोट काई तुम्हले देता येत नही. तो फक्त भाऊबंदकीलेच."

मी मान डोलावली.

विसर्जनाच्या दिवशी दर्शनाला गेलो, तर माझा कोबी थेट कानबाईच्या मुकुटावर. कुण्या पाहुणीनं विचारलं, "हाई फूल कोनी करं?"

"शे आमना घरनाच एक जन," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले.

रोटाचं ताट मात्र माझ्यासमोरून सरळ पुढे गेलं.